एमआरआयमध्ये दिसते ती झीज आणि दिसत नाही ते दुखणं

पाठ दुखते म्हणून एमआरआय काढला की हातात मोठा लखोटा येतो. घरी आल्यावर सगळे मिळून रिपोर्टमधली ओळ न् ओळ वाचतात: डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, फॅसेट आर्थ्रोपथी, थीकल सॅक इंडेंटेशन. निम्मं कळत नाही, पण घाबरायला तेवढं पुरतं. कुणी म्हणतं ‘मणक्यात गॅप आलीय’, कुणी म्हणतं ‘नस दबलीय’, आणि त्या दिवसापासून तो माणूस खाली वाकायचंच सोडून देतो. याउलट काहींचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, तरी वर्षानुवर्षं दुखत राहतं. त्यांना ऐकून घ्यावं लागतं, ‘काही नाहीये तुम्हाला, जरा मन रमवा.’

या दोघांवर अन्याय होतो तो एकाच समजुतीमुळे. फोटोत दिसतं तेच दुखणं, असं आपण धरून चालतो. मग एकाला फोटोत काही दिसलं म्हणून जन्मभराचा निकाल लागल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्याला काही दिसलं नाही म्हणून त्याचं दुखणंच खोटं ठरतं. मी स्वतः बरीच वर्षं मान आणि कंबर सांभाळत जगते आहे. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात थोडं वाचलेलं आहे, थोडं सोसलेलं.

झीज म्हणजे नेमकं काय

मणक्यांच्या मधे २३ गाद्या असतात. गादीच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती तंतूंची घट्ट वेटोळी. मोठ्या माणसाच्या गादीत आतपर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत. वरच्या-खालच्या मणक्यांतून जे झिरपेल, त्यावरच तिचं पोषण होतं. दिवसभराच्या भाराने गादीतलं पाणी थोडं बाहेर जातं आणि रात्री आडवं झाल्यावर पुन्हा भरतं. म्हणून सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण १ ते २ सेंटिमीटर जास्त भरते. वय वाढतं तसा हा गर पाणी धरेनासा होतो. गादी बसते, थोडी बाहेर फुगते, मणक्यांच्या कडांना हाड वाढतं, मागचे छोटे सांधे झिजतात. डॉक्टर डीजनरेशन म्हणतात ते हेच. कंबरेत बहुतेकदा सर्वांत खालच्या दोन गाद्यांचं नाव येतं, एल फोर-एल फाईव्ह आणि एल फाईव्ह-एस वन. मानेत सी फाईव्ह-सी सिक्स आणि तिच्या खालची.

पण हे सगळं ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही, त्यांच्यातही होतं. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढून पाहिले. त्यातल्या ५२ टक्के लोकांची किमान एक गादी फुगलेली होती आणि सगळ्या गाद्या धडधाकट असलेले निघाले ३६ टक्के. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या, दुखत नसलेल्या ३,११० माणसांची माहिती एकत्र करण्यात आली. विशीतच ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते, पन्नाशीत ८० टक्के आणि ऐंशीत ९६ टक्के, असं त्यातून निघालं. पुन्हा सांगते, हे आकडे न दुखणाऱ्या लोकांचे आहेत.

याचा अर्थ झिजेचा आणि दुखण्याचा काहीच संबंध नाही, असा नाही. पन्नाशीच्या आतल्या लोकांत तुलना केली तर कंबरदुखी असलेल्यांमध्ये ही झीज जास्त आढळते. निरोगी गादीच्या फक्त बाहेरच्या थरांत दुखण्याच्या नसा असतात. खराब झालेल्या गादीत त्या आतवर वाढलेल्या सापडतात. गादीचा तुकडा बाहेर येऊन पायाच्या नसेवर टेकला तर सायटिकाची कळ थेट पोटरीपर्यंत जाते, आणि ती का येते हे फोटोवर बोट ठेवून दाखवता येतं. मात्र नुसत्या फोटोवरून कुणाचं किती दुखत असेल हे सांगता येत नाही. ते सांगायला माणूस तपासावा लागतो.

आपल्यापैकी कितीतरी जण झिजेचा दोष स्वतःलाच देतात. गोण्या उचलल्या, खड्ड्यांतून स्कूटर चालवली, लेकरं कडेवर वागवली म्हणून हे झालं, असं मनाला लावून घेतात. फिनलंडमध्ये जुळ्या भावांच्या पाठींचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. एक भाऊ जन्मभर अंगमेहनत करणारा आणि दुसरा खुर्चीत बसून काम करणारा, अशा जोड्याही त्यात होत्या. दोघांच्या गाद्यांत फरक निघाला, पण अपेक्षेपेक्षा फारच थोडा. कामापेक्षा आनुवंशिकतेचा वाटा मोठा होता. सिगारेट-बिडी आणि वाढलेलं वजन यांनीही भर पडते, तिथे आपल्या हातात काहीतरी आहे. पण कष्ट केले म्हणून कणा संपला, हे ओझं डोक्यावरून उतरवा.

रिपोर्ट कसा सांगितला जातो, यानेही फरक पडतो. कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमधल्या मणकातज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. ठोस कारण नसलेल्या कंबरदुखीचे ४४ रुग्ण होते. निम्म्यांना एमआरआयमधला एकेक दोष समजावून सांगितला. निम्म्यांना सांगितलं की तुमचा कणा ठीक आहे, दिसतंय ते वयानुसार होतंच. उपचार दोन्हीकडे सारखेच. सहा आठवड्यांनी पाहिलं तर दोष ऐकलेल्यांचं दुखणं कमी उतरलं होतं, त्यांची भीती वाढली होती आणि रोजची कामंही त्यांना जड जात होती.

मग इतकं दुखतं का?

कोपर दारावर आपटलं की आपण ते लगेच चोळतो आणि बरं वाटतं. १९६५ साली रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी याची उकल मांडली. दुखण्याचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत त्याला एक दार लागतं. स्पर्शाचे संदेश ते दार थोडं लोटून घेतात, आणि मेंदूही वरून ते उघडू किंवा मिटू शकतो. पुढच्या संशोधनात त्यांच्या मांडणीतले तपशील बदलले, पण दुखणं मधल्या वाटेवर वाढतं-घटतं, ही गोष्ट टिकली. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगात दाखवलं की इजेनंतर मज्जारज्जूतल्या पेशीच जास्त संवेदनशील होतात. मग साधा स्पर्शही दुखरा लागतो आणि दुखण्याचा भाग मूळ जागेच्या पलीकडे पसरतो.

घरात एकदा चोरी झाली की राखणीचं कुत्रं दूधवाल्यावर भुंकायला लागतं, पेपरवाल्यावर भुंकतं, रात्री पान पडलं तरी उठतं. चोर केव्हाच गेलेला असतो. पण भुंकणं खरं असतं, आणि कुत्र्याला ‘तुला भास होतोय’ म्हणून ते थांबत नाही. दीर्घकाळच्या दुखण्यात मज्जासंस्थेचं असंच होतं. इजा भरून आली तरी राखण ढिली पडत नाही. झोप मोडली, काळजी वाढली, काम सुटलं, घरात कुणी विश्वास ठेवेना झालं, की ती आणखी कडक होते. दुखणाऱ्याने हे मनाने रचलेलं नसतं. ते शरीरातच घडतं, पण ज्या ठिकाणी घडतं ते ठिकाण एमआरआयच्या फोटोत येत नाही.

वैद्यकशास्त्रानेही हे आता मान्य केलं आहे. ऊतींना इजा न दिसताही वेदना असू शकते, हे वेदनेच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना जुन्या व्याख्येपासून सांगत आली आहे. २०२० मध्ये तिने ती व्याख्या आणखी नीट घडवली. तीन महिन्यांहून जास्त टिकणारं आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने नीट उलगडत नसलेलं दुखणं, हा जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात स्वतंत्र आजार आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. म्हणजे ‘कारण सापडत नाही’ आणि ‘आजार नाही’ ही दोन वाक्यं आता कुणी एका दमात म्हणू नयेत.

एकाच पाठीत दुखणं निरनिराळ्या तऱ्हेचं असू शकतं. वाकल्यावर, उभं राहिल्यावर ठणकतं आणि टेकलं की उतरतं, ते सांध्या-स्नायूंचं. आग होते, करंट लागल्यासारखी चमक जाते, मुंग्या येतात, ते नसेचं. आज मान, उद्या खांदे, परवा सगळं अंग, सोबत न उतरणारा थकवा आणि झोपूनही न लागलेली झोप, हे वर सांगितलेल्या कडक राखणीचं. फायब्रोमायल्जिया याच शेवटच्या जातीतला. माझ्यासारख्या बऱ्याच जणांत तिन्ही थोडंथोडं असतं. म्हणून एकाच गोळीने सगळं का जात नाही, याचं नवल वाटायला नको.

हे असेल तर थांबू नका

‘मणक्याची झीज आहे’ हे एकदा ऐकलं की पुढची प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकायची सवय लागते. ती घातक आहे. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतला आणि बसण्याचा भाग बधिर झाला, किंवा पायातली ताकद दिवसागणिक कमी होत गेली, तर त्याच दिवशी, अगदी मध्यरात्रीसुद्धा मोठं हॉस्पिटल गाठायचं. हातातून वस्तू निसटतात, शर्टाचं बटण लागत नाही, साडीच्या निऱ्या नीट घेता येत नाहीत, चालताना तोल जातो, असं असेल तर मानेत मज्जारज्जू दाबला जातोय का हे लवकर पाहून घ्यावं लागतं. या रुग्णांची मान बऱ्याचदा फारशी दुखतही नाही, म्हणून ते उशिरा येतात.

आपल्याकडे मणक्याचा क्षयही होतो. संध्याकाळचा बारीक ताप, घटलेलं वजन, रात्रीही न थांबणारं दुखणं, अशा खुणा असतील तर क्षय आणि कॅन्सर दोन्हींची शहानिशा झालीच पाहिजे. वय चाळिशीच्या आत आहे, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त पाठ आखडलेली असते, विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने मोकळं होतं, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस हा आजार कितीतरी तरुण ‘उसण भरली’ म्हणत वर्षानुवर्षं अंगावर काढतात. उतारवयातल्या बाईची पाठ साध्या हिसक्याने एकाएकी दुखू लागली तर ठिसूळ झालेला मणका दबला असू शकतो. आणि ‘कारण सापडत नाही’ असं म्हणण्याआधी थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह आणि ड जीवनसत्त्व तपासलेलं बरं. शाकाहारी घरांत बी-ट्वेल्व्हची कमतरता सर्रास आढळते आणि पायांच्या मुंग्यांचं खापर उगाच मणक्यावर फुटतं.

उपायांबद्दल

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्याकडे ज्या गोष्टींवर सर्वांत जास्त पैसा आणि वेळ जातो, त्यातल्या बऱ्याच तिथे ‘नेहमीचा उपाय म्हणून करू नका’ या बाजूला आहेत: कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन, करंटचं मशीन, अल्ट्रासाउंडचा शेक, अफूवर्गीय गोळ्या. ‘करा’ या बाजूला आहेत व्यायाम, दुखण्याची नीट समजूत, विचार-वर्तन बदलणारी मानसोपचार पद्धत, मसाज आणि जाणकाराकडून मणक्यावरचे हस्तोपचार. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांना जागा आहे. पण त्या पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांना त्रास देतात. मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्महिने घेत राहणं फार महागात पडतं.

प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध आणि त्याची भावंडं यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पाठदुखीच्या चिठ्ठीत ते हमखास असतं. मधुमेहातल्या पायांच्या आगीवर ते उपयोगी पडतं. सायटिकावर मात्र २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीत ते औषध नसलेल्या, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, आणि चक्कर येण्याचं प्रमाण वाढलं. तुम्ही ते घेत असाल तर एकदम बंद करू नका. डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करा.

ऑपरेशनची गोष्ट दुखणं कुठे आहे त्यावर ठरते. गादी सरकून पायात असह्य कळ असेल तर ऑपरेशनने लवकर सुटका होते. पण नेदरलँड्समध्ये २००७ साली दाखवलं गेलं की लवकर ऑपरेशन केलेले आणि वाट पाहिलेले, वर्षाअखेरी साधारण सारख्याच ठिकाणी पोचतात. बाहेर आलेला गादीचा तुकडा पुष्कळदा शरीर स्वतःच शोषून घेतं. ज्येष्ठांना चालताना पाय भरून येतात, बसलं किंवा पुढे वाकलं की उतरतात, त्यांची मणक्यातली नळी अरुंद झालेली असते आणि तिथेही ऑपरेशन चांगलं काम करू शकतं. नुसत्या पाठदुखीसाठी, नुसती झीज दिसते म्हणून मणके स्क्रूने जोडण्याचा सल्ला मिळाला तर दुसऱ्या सर्जनचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

आणि चालणं. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्याच ७०१ लोकांच्या चाचणीत, कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्यांना फिजिओने चालण्याचा कार्यक्रम बेताबेताने वाढवून दिला. त्यांच्यातल्या निम्म्यांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, काहीच न केलेल्यांतल्या निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं. त्यासाठी ना जिम लागतं, ना मशीन.

रोजचा दिवस

सर्वांत अवघड हेच आहे, आणि याबद्दल दवाखान्यात पाच मिनिटंही मिळत नाहीत.

दुखणाऱ्या माणसाचा दिवस बहुतेकदा असा जातो. एखाद्या सकाळी बरं वाटतं. मग साठलेलं सगळं उरकायचं: माळ्यावरचे डबे काढायचे, चादरी धुवायच्या, दळण आणायचं. संध्याकाळी पाठ धरते, पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. मग पुन्हा एक बरी सकाळ. दर फेरीत ताकद थोडी कमी होते आणि हालचालीची भीती थोडी वाढते. यातून बाहेर पडायचं तर दुखेपर्यंत काम करायचं नाही. घड्याळ पाहून करायचं.

पोळ्यांचंच घ्या. ओट्याशी उभं राहून पंधराव्या मिनिटाला कंबर भरून यायला लागते असं समजा. तर दहा मिनिटांत थांबायचं, दुखत नसलं तरी. कणीक आधीच, बसून मळून ठेवायची. ओट्याखाली छोटा पाट ठेवून एक पाय त्यावर, थोड्या वेळाने दुसरा. दहा मिनिटांत सहा-सात पोळ्या होतात. मग गॅस बंद, दोन खोल्यांतून एक चक्कर, खुर्चीत टेकून थोडा वेळ, आणि उरलेल्या नंतर. पहिल्यांदा हे फार चिडचिडीचं होतं, कारण हात चालू असताना थांबणं आपल्या अंगवळणी नाही. पण आठवडा-दोन आठवडे दहा मिनिटं निभावली की अकरा करायची, मग बारा. वाईट दिवशीही तेवढंच आणि चांगल्या दिवशीही तेवढंच. चांगल्या दिवशी हात आखडता घेणं हे वाईट दिवशी सोसण्यापेक्षा अवघड असतं, हे मी अनुभवाने सांगते.

हाच हिशोब बाकीच्या गोष्टींना लावायचा. दळणाचा एक मोठा डबा उचलण्यापेक्षा दोन पिशव्या. एसटीत मागची सीट सोडून चाकांच्या मधली, तिथे हादरे कमी बसतात. पूजेला, पंगतीला खुर्ची मागून घ्यायची, त्यात देवाचा किंवा यजमानाचा मान कमी होत नाही.

मधेच दुखणं उसळतं. कधी कारण असतं, कधी काहीच नसतं. ओळखीचंच दुखणं, ओळखीच्याच जागी वाढलं आणि वरच्या धोक्याच्या खुणा नाहीत, तर बहुधा नवीन काही मोडलेलं नसतं. दोन दिवस कामं निम्म्यावर आणा, शेक घ्या, पण पूर्ण झोपून राहू नका. हेलसिंकीत १९९५ साली अचानक कंबर धरलेल्या लोकांवर पाहिलं गेलं की पलंगावर पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसा रोजचा दिनक्रम चालू ठेवणारे लवकर बरे झाले. मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर शेकाची पिशवी आधी हाताने तपासून घ्या, चटका बसलेला कळत नाही.

झोपेसाठी कुशीवर झोपून गुडघ्यांमध्ये उशी ठेवण्याचा उपाय साधा आहे, पण बऱ्याच जणांना लागू पडतो. झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं आणि दुखलं की झोप बिघडते. म्हणून डॉक्टरांशी बोलताना झोपेचा विषय शेवटी उरकू नका. उदासी दाटून येत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर तेही त्याच खोलीत, त्याच डॉक्टरांना सांगा.

घरच्यांना एक कळकळीची विनंती. हे दुखणं प्लास्टरसारखं बाहेरून दिसत नाही. अपंगत्वाच्या २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत दीर्घकालीन वेदनेचं नावही नाही, त्यामुळे तिचं प्रमाणपत्र मिळत नाही. तुम्ही ठेवलेला विश्वास हाच तिचा एकमेव दाखला असतो. विशेषतः घरातल्या बाईचं दुखणं ‘कामाचा कंटाळा’ म्हणून मोजलं जातं. सकाळी जी नात्यातल्या लग्नात हसत होती ती रात्री उठू शकत नाही, याचा अर्थ सकाळचं हसणं किंवा रात्रीचं कण्हणं खोटं, असा होत नाही. आणि प्रेमापोटी हातातलं प्रत्येक काम काढूनही घेऊ नका. जेवढं झेपतं तेवढं तिला तिच्या वेगाने करू द्या.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर लिहून न्या: कुठे दुखतं, कसं दुखतं, किती मिनिटं बसता येतं, उभं राहता येतं, चालता येतं, कशाने उतरतं, आतापर्यंत कोणती औषधं किती दिवस घेतली आणि त्यांनी काय झालं. ‘खूप दुखतं’ यापेक्षा ‘बसस्टॉपपर्यंतही न थांबता जाता येत नाही’ हे डॉक्टरांच्या जास्त उपयोगाचं असतं. जुने एमआरआय सोबत ठेवा. मोठ्या सरकारी रुग्णालयांपैकी काहींत भूलतज्ज्ञांचा विभाग वेदनेसाठी वेगळी ओपीडी चालवतो, तिची चौकशी करा. आणि खोलीतून बाहेर पडण्याआधी विचारा: रिपोर्टमधली नेमकी कोणती गोष्ट माझ्या दुखण्याशी जुळते? जुळत नसेल तर माझं दुखणं कोणत्या प्रकारचं वाटतं? या गोळ्या किती दिवस, आणि उपयोग झाला नाही तर केव्हा थांबवायच्या? मी कोणती हालचाल बिनधास्त करू शकते?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर लिहून मागा आणि तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा.